वाचणारा आणि सांगणारा: हिंगोली परिसरातील वाचनाची परंपरा

पोथी लावणे ही हिंगोली परिसरातील वाचनाची जुनी आणि काही गावांत अजून टिकून असलेली रीत आहे. श्रावण लागला की मारुतीच्या देवळात पाटावर रुमालात बांधलेली पोथी येते. रात्रीची जेवणे उरकून माणसे जमतात. एक जण ओवी चालीवर वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. श्रीधरांचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’, महिपतींचा ‘भक्तिविजय’ हे ग्रंथ मराठी मुलखात गावोगाव असेच पोचले. वाचणाऱ्याला अक्षरओळख पुरते, पण सांगणाऱ्याला माणसांची पारख लागते. धर्मराजाने द्रौपदी पणाला लावली ती कोणत्या अधिकाराने, असे एखाद्या श्रोत्याने विचारले की ओवी बाजूला राहते आणि बोलणे सुरू होते. ग्रंथाला वाचकाने दिलेला हा उघड प्रतिसाद आहे. मराठी समीक्षेच्या इतिहासात या देवळातल्या बैठकीला जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी.

आठवणी सांगण्याची परंपराही या भूमीत फार मागे जाते. कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा औंढा नागनाथाच्या देवळाशी जोडलेली आहे. नामदेवांच्या नावावरील अभंगांत त्यांचे स्वतःचे घर दिसते. संसाराकडे पाठ फिरवलेल्या मुलावर चिडलेली आई गोणाई आणि दारिद्र्याने गांजलेली बायको राजाई त्यांत भांडताना ऐकू येतात. ‘तीर्थावळी’त ज्ञानेश्वरांबरोबरचा प्रवास आहे, समाधीच्या अभंगांत सोबती गमावल्याचा शोक आहे. मराठीतील आत्मकथनाचा आरंभ शोधायचा तर या अभंगांपाशी थांबावेच लागते.

पुढे हा परिसर निजामाच्या राज्यात असताना छापील मराठी पुस्तकाची वाट अवघड झाली. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती, कारभाराची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेही उर्दू माध्यमाचे. शाळेत उर्दू शिकणाऱ्या मुलाला मराठी कादंबरी शाळेबाहेरच शोधावी लागे. सभासंमेलनांवर परवानगीचे बंधन असल्याने वाचनालय काढणे हेही धाडसाचे काम होते. हैदराबादेत 1922 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि 1937 मध्ये निजाम राज्यातील मराठी साहित्य परिषद उभी राहिली. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे 1955 चा हैदराबाद आणि 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान घेणारी वाचनालये खेड्यापाड्यांत पसरली.

या परिसराने मराठीला दिलेला सर्वांत मोठा वाचक म्हणजे नरहर कुरुंदकर. त्यांचा जन्म 15 जुलै 1932 रोजी कळमनुरी तालुक्यातील नांदापूरचा, आजोळचा. कुरुंदा हे त्यांचे गाव वसमत तालुक्यात. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते आणि मुक्तेश्वर व मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास त्यांनी केला होता. जे भारत देवळात ऐकले जाई, त्याचीच चिकित्सा मामांच्या अभ्यासात चालली होती. कुरुंदकरांना पदव्या उशिरा मिळाल्या, वाचन मात्र परीक्षेची वाट पाहत थांबले नाही. नांदेडला आधी शाळेत आणि नंतर पीपल्स कॉलेजात त्यांनी शिकवले. व्याख्यानांसाठी ते सतत फिरत, आणि त्यांच्या लिखाणातही समोर श्रोता बसल्याची जाणीव टिकून आहे: आधी प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते मांडायचे, मग एकेक शंका घेऊन पुढे जायचे. ही ढब सांगणाऱ्याची आहे.

तिचा उत्तम नमुना रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला जोडलेली प्रस्तावना. ती पत्राच्या रूपात आहे, एका वाचकाने कादंबरीकाराला लिहिलेले दीर्घ पत्र. अफजलखान, शायिस्ताखान, आग्रा हे प्रसंग इतके नाट्यमय आहेत की शिवाजी महाराजांचे थोरपण त्यांतच शोधले जाते, असे कुरुंदकर दाखवतात आणि लक्ष 1680 नंतरच्या काळाकडे वळवतात. संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले, तरी 1707 मध्ये औरंगजेब मरेपर्यंत सामान्य माणसे लढत राहिली. त्यांना हे राज्य आपले का वाटले, हा कुरुंदकरांचा खरा प्रश्न. आवडलेल्या विषयावर भाविकपणे न बोलता कादंबरीकारापुढे इतका मोठा प्रश्न ठेवणे ही वाचकाने लेखकाला दिलेली सर्वांत उंच दाद म्हणावी लागेल. 1971 च्या ‘धार आणि काठ’मध्ये त्यांनी मराठी कादंबरीच्या वाटचालीचाच विचार केला. 1982 मध्ये, वयाच्या अवघ्या 49 व्या वर्षी ते गेले.

याच सुमारास आत्मकथनाचा वाचक बदलला. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ 1979 मध्ये आणि लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ 1980 मध्ये आले. सोनकांबळे मराठवाड्याचेच. पोरका मुलगा, बहिणीच्या घरचा आसरा, उपास आणि शाळेची ओढ हे सारे त्यांनी बोलल्यासारखे लिहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत 1950 मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयामुळे शिकलेली पहिली पिढी तोवर वाचती झाली होती. आपल्या वस्तीची भाषा पुस्तकात येऊ शकते, हे या आत्मकथनांनी तिला दाखवून दिले.

1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वसमत तालुक्यातल्या रिढोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांचा ‘पीकपाणी’ हा संग्रह त्याआधीच 1989 मध्ये आला होता. शेतकरी घरातल्या जगण्याची ही कविता त्यांनी गावोगावच्या मेळाव्यांत आणि शाळांत स्वतः म्हणून दाखवली. पुस्तक विकत न घेणारा माणूसही ती अशा कार्यक्रमांत ऐकत आला आहे.