बाळंतिणीची रजा : गिरणीपासून उसाच्या फडापर्यंत

चैत्र-वैशाखात गावोगाव वसंत व्याख्यानमाला भरतात, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातून व कर्नाटकातून परत आलेल्या असतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वस्त्यांवर दिवाळीच्या आगेमागे लागलेली कुलपे निघतात. आणि जाताना पोटुशी असलेली एखादी बाई येताना कडेवर मूल घेऊन उतरते. ते मूल कोणत्या कोपीत जन्मले आणि कितव्या दिवशी त्याच्या आईने पुन्हा मोळी डोक्यावर घेतली, हे प्रश्न इतिहासाचे आहेत असे सहसा कोणी म्हणणार नाही. आम्ही ते इतिहासाचेच मानतो. बाळंतिणीला विसावा द्यावा ही समजूत फार जुनी आहे. पण त्या विसाव्याचा बुडालेला रोज कोणी भरावा हा वाद मात्र आपल्याकडे शंभर वर्षांच्या आसपासचाच आहे.

शेतीच्या संसारात या प्रश्नाचे उत्तर माहेर हे होते. पहिलटकरीण माहेरी येई, सव्वा महिना तिला शेक मिळे, आळिवाची खीर मिळे, आणि काय करावे व काय टाळावे हे सांगायला आई आणि सुईण उशाशी असत. सर्वांच्या नशिबी हे नव्हते. ज्या घरी हातावर पोट, त्या घरची बाई बारसे उरकताच रानात जाई. तरी तिला सांगणारे, सांभाळणारे माणूस हाकेच्या अंतरावर होते. मुंबईची गिरणी आली आणि हे माणूस कोकणात किंवा घाटावर राहिले. चाळीत उरला तो गिरणीचा भोंगा.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी गिरणीतील बायांची चौकशी केली, तेव्हा तान्ह्या मुलांना अफू देऊन निजवून आया कामावर जातात ही गोष्ट सरकारी दप्तरात नोंदली गेली. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवडे रजेचा ठराव केला होता. त्या परिषदेला हिंदी कामगारांतर्फे ना. म. जोशी गेले होते. त्यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. मग मुंबई प्रांताने स्वतंत्र पाऊल टाकले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कौन्सिलात या विषयावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुद्द्याच्या मुळाशी हात घातला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले; पण जो मालक त्या बाईच्या श्रमावर नफा मिळवतो त्याला या भारातून पूर्ण सुटता येणार नाही, असेही बजावले. १९२९ साली कायदा झाला. दिवसाला आठ आणे, आणि तेही थोड्या आठवड्यांपुरते. रक्कम लहान, पण तत्त्व मोठे!

पुढे जे घडले ते आजच्या कायदेपंडितांनीही ध्यानात घ्यावे असे आहे. सगळा भार एकट्या मालकावर टाकला की मालक बाईच नको म्हणतो. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामगारांचा जवळजवळ पंचमांश बाया होत्या. नंतर हे प्रमाण घसरत घसरत नाममात्र उरले. याला नवी यंत्रे, कामाची फेरवाटणी, रात्रपाळीची बंदी अशी अनेक कारणे होती. केवळ प्रसूतिलाभावर खापर फोडणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पण एक कारण तेही होते. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने यातून वाट काढली. मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून निधी उभारावा आणि बाळंतिणीचा रोज त्या निधीतून द्यावा, म्हणजे कोणा एका मालकाला ती बाई जड होत नाही.

बीडला यांतले फारसे काही पोहोचले नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली आणि प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवण्यास मनाई केली. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांपुरती ही रजा सव्वीस आठवड्यांवर नेली, पन्नास कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे केले, आणि नेमणूक करतानाच बाईला तिचे हक्क लेखी कळवावेत असे घातले. ही कलमे आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहेत. पुण्या-मुंबईच्या काही कंपन्यांत तर रजेवर जाणाऱ्या आईबापांसाठी मार्गदर्शक नेमण्याची चाल पडली आहे. काम कोणाकडे सोपवावे, परतल्यावर रुळावर कसे यावे, साहेबाशी काय बोलावे, हे तो सांगतो. कोणाला हे चोचले वाटतील. आम्हांला वाटत नाहीत. माहेरच्या उशाशी बसणाऱ्या बाईचेच हे पगारी रूप आहे.

उसाच्या फडात मात्र रजा म्हणजे खाडा. तेथे मजूर एकटा मोजतच नाहीत. नवराबायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहून नेते. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल टनावर फिटायची असते. बाई बाळंत झाली की कोयता अर्धा होतो, आणि नवऱ्याचीही कमाई बसते. बापाने बाळाजवळ थांबावे हा तर विचारच परवडत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचलीच्या वहीकडे. रजा मागायची कोणाकडे?

या हिशेबाचा शेवट कोठे जातो ते २०१९ साली उघड झाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. दुखणे होते, कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर होते, आणि पाळीच्या दुखण्याने दिवस बुडू नये ही धास्तीही होती. ज्या कामात शरीराला सुटी नाही, तेथे शरीराचाच भाग काढून दिवस वाचवला गेला.

पैशाची व्यवस्था अशक्य आहे असे आता कोणास म्हणता येणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे आणि तेवढीच भर सरकारने घालण्याचे ठरले. हा १९४८ च्या विम्याचाच धागा आहे. पहिल्या बाळंतपणाला केंद्राच्या मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात. पण ते मिळविण्यासाठी नोंदणी, तपासण्या आणि बाळाच्या लसी वेळेवर व्हाव्या लागतात, आणि नेमक्या त्या महिन्यांत बाई आपल्या गावच्या आशाताईपासून शेकडो कोस दूर कोपीत असते. तेव्हा टोळी निघण्यापूर्वी वस्तीवरच्या गरोदर बायांची यादी कारखान्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला गेली पाहिजे, आणि त्या बाळंतिणीचा रोज महामंडळाच्या निधीतून परस्पर तिच्या खात्यावर पडला पाहिजे. मुकादमाच्या वहीत उचल सहसा नवऱ्याच्या नावाने लिहिली जाते. ग्रामसेवकाने ऊसतोड मजुरांची नोंद करून ओळखपत्र द्यावे असे २०२१ मध्ये ठरले आहे. त्या ओळखपत्रावर बाईचे नाव वेगळे, तिच्या स्वतःच्या बँकखात्यासह चढते की नाही, हे आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन पाहता येण्यासारखे आहे.