सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते? मोबाईल वापरून दोष असा शोधा

गाडी रस्त्यावर मस्त पळते, पण सिग्नलला थांबली की स्टिअरिंग, सीट, आरसा सगळंच थरथरायला लागतं. ही तक्रार खूप कॉमन आहे. गॅरेजमध्ये गेलं की एक जण सांगतो प्लग बदला, दुसरा म्हणतो इंजेक्टर साफ करा, तिसरा थेट इंजिनचं फाउंडेशन बदलायला सांगतो. तिन्ही कामं केली तरी थरथर तशीच राहू शकते, बिल मात्र वाढतं.

प्रोग्राममधला बग शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. गाडीलाही हाच नियम लावायचा. आधी तपास, मग पार्ट.

सुरू करण्याआधी

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साईड जीवघेणा असतो. हँडब्रेक लावा. बॉनेट उघडलं की पंखा आणि बेल्टपासून हात, ओढणी, बाह्या लांब ठेवा.

पायरी १: इंजिन अडखळतंय की नुसते धक्के आत येतायत?

थंड इंजिनचा आरपीएम मुद्दाम वाढवलेला असतो, त्यामुळे इंजिन आधी नीट गरम होऊ द्या. मग एसी बंद, गिअर न्यूट्रल. बहुतेक पेट्रोल गाड्यांचा काटा ७०० ते ९०० च्या आसपास राहतो.

- आवाज एकसारखा, काटा स्थिर, तरी बॉडी थरथरते: संशय इंजिन माउंटिंगवर. यालाच गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात.
- आवाज मध्येच तुटतो, सायलेन्सरमधून फट्-फट् येतं, काटा खालीवर होतो: इंजिन ‘मिसिंग’ करतंय. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाहीये.

एक लक्षात ठेवा. टियागो, अल्टो के१० यांसारख्या तीन सिलिंडरच्या गाड्यांमध्ये थोडी थरथर मुळातच असते. त्यामुळे तुलना चार सिलिंडरच्या गाडीशी नको, तुमच्याच गाडीच्या आधीच्या वागण्याशी करा.

पायरी २: चेक इंजिनचा दिवा बघा

दिवा सतत पेटलेला असेल तर तपासणी लवकर करा. पण तो लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. मिसिंग जास्त असल्याची ती खूण आहे. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो प्रचंड तापतो आणि आतून वितळू शकतो. काही शे रुपयांच्या प्लगकडे दुर्लक्ष करून हजारोंचा कन्व्हर्टर घालवण्यात अर्थ नाही.

पायरी ३: मोबाईल जोडा

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये ओबीडी पोर्ट असतोच, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही असतो. १६ पिनांचा हा पोर्ट सहसा स्टिअरिंगखाली सापडतो. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा छोटा ॲडॉप्टर लावायचा आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप उघडायचं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ ॲडॉप्टर सहसा चालत नाही, वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलई वाला घ्या.

नेहमी दिसणारे कोड:

- पी०३००: मिसिंग आहे, पण ते एकाच सिलिंडरपुरतं नाही.
- पी०३०१ ते पी०३०४: शेवटचा आकडा म्हणजे मिसिंग करणारा सिलिंडर.
- पी०१७१: हवा जास्त, इंधन कमी.

कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. पुरावाच गेला तर पुढे शोधणार काय?

पायरी ४: कॉइलची अदलाबदल

समजा पी०३०२ आला. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत इंजिन बंद आणि थंड करून दोन आणि तीन नंबरच्या कॉइल एकमेकांच्या जागी लावा. कोड पुसा, गाडी सुरू करा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलमध्ये. पुन्हा पी०३०२ च आला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही कोड हलला नाही, तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन तपासायचं. ते काम मेकॅनिकचं.

पायरी ५: हवेची गळती

ॲपमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ बघा. गाडी उभी असताना तो अधिक १० टक्क्यांच्या वर असेल आणि २५०० आरपीएमपर्यंत रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल, तर कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय. व्हॅक्यूमचे रबरी पाइप बघा, ‘स्स्स’ आवाज ऐका. पावसाळ्यात बॉनेटखाली शिरलेले उंदीर पाइप आणि वायरी कुरतडतात, तेही तपासा.

थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला तरी आयडलिंग बिघडतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप मात्र बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर काही गाड्यांत सेटिंग नव्याने शिकवावं लागतं.

सीएनजी असेल तर

सोपी टेस्ट: गाडी पेट्रोलवर टाका. थरथर फक्त सीएनजीवर येत असेल तर गॅसचा फिल्टर, इंजेक्टर आणि ट्यूनिंग बघायला सांगा. पण सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते, त्यामुळे कमजोर प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवरच उघडी पडते. म्हणून प्लग आधी तपासा.

फाउंडेशनची खात्री

ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलला शांत आणि ब्रेक दाबून डी मध्ये थरथरत असेल, तर माउंटिंगवरचा संशय वाढतो. मॅन्युअल गाडीत इंजिन सुरू-बंद करताना ‘धडक्’ असा झटका येतो का ते बघा. टॉर्चच्या उजेडात रबर फाटलेलं किंवा बसलेलं दिसलं तर तेच माउंटिंग बदला. मिसिंग चालू असताना नवीन फाउंडेशन टाकून उपयोग नाही, धक्के फक्त थोडे कमी जाणवतील.

मेकॅनिकला काय सांगाल?

“गाडी व्हायब्रेट होते” एवढंच सांगू नका. “इंजिन गरम, एसी बंद, न्यूट्रलला अडखळतं. कोड पी०३०२. कॉइल आणि प्लग बदलून पाहिले, कोड हलला नाही” असं सांगा आणि स्क्रीनशॉट दाखवा. मग अंदाजाने पार्ट बदलायची वेळ येत नाही, आणि बिलात आलेला प्रत्येक पार्ट का बदलला हे तुम्हाला विचारताही येतं.