ग्रामदेवालय आणि वतनदार : घनसावंगी परिसराच्या निमित्ताने

ग्रामीण देवालये आणि भूमिधारी वर्ग ह्यांचा संबंध रोमन इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास धाकट्या प्लिनीने एका पत्रात, इटलीतील आपल्या शेतवाडीवरील सिरीस ह्या धान्यदेवतेचे जुने देऊळ नव्याने बांधण्याचा आणि सप्टेंबरच्या १३ तारखेस जमणाऱ्या यात्रेकरूंसाठी जवळच ओवऱ्या उभारण्याचा मनोदय व्यक्त केला आहे. तेथे भूमी त्याची आणि देऊळही त्याच्याच भूमीवरचे. गोदावरीच्या उत्तरेस असलेल्या घनसावंगीच्या मुलखात, किंबहुना एकंदर मराठी प्रदेशात, हा संबंध ह्याच स्वरूपाचा होता काय, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

पाटील हा गावचा मालक नव्हे, तर वतनदार होय. देवालयही त्याच्या खाजगी मालकीचे नसे. देवाच्या नावे स्वतंत्र इनाम जमीन असे, व पूजेचा अधिकार गुरवाकडे वंशपरंपरेने चाले. दानही केवळ श्रेष्ठींचेच नसे. पंढरपूरच्या शके ११९५ ते ११९९ ह्या काळातील ‘चौऱ्याऐंशीच्या’ शिलालेखात रामदेवराव यादव व हेमाद्री पंडित ह्यांच्या जोडीने इतर अनेक दात्यांची नोंद आहे.

मग वतनदारास देवालयापासून लाभ कोणता? तो मानाचा. पाटिलकीची वाटणी अथवा विक्री झाली म्हणजे जमिनीबरोबर मानपानही कागदावर तपशीलवार वाटून घेतले जात : होळीची पोळी, पोळ्याचे बैल, दसऱ्याचे आपटे, विडा व टिळा. कागद दप्तरात राही. त्याची साक्ष मात्र वर्षातून एकदा साऱ्या गावासमक्ष देवापुढे पटे. ह्या अर्थाने ग्रामदेवालय हे वतनाचे उघडे दप्तरच होते. त्या दप्तरात विषमताही तितक्याच स्पष्टपणे नोंदली जाई. गावच्या सणांत महारांकडे नेमून दिलेली कामे असत. गाभाऱ्याचे दार मात्र त्यांस बंद असे.

हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या १९४९ मध्ये नष्ट झाल्या. पुढे १९५४ च्या इनाम-रद्द कायद्याने धार्मिक संस्थांची इनामे वगळली. इनामदाराची जमीन गेली, देवाची राहिली. परिणामी देवाच्या जमिनीची वहिवाट कोणाकडे असावी, हा प्रश्न पुराणवस्तूंच्या अभ्यासापुरता उरत नाही. कसणाऱ्याच्या भाकरीशी त्याचा संबंध पोहोचतो.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे ह्या दृष्टीने विचारार्ह आहे. १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म येथील ठोसर घराण्यात झाला. परंपरेनुसार ह्या घराण्याकडे कुळकर्णाचे वतन होते. थोरले बंधू गंगाधरपंत घरी राहिले, धाकट्याने वतनाची वाट सोडली. आज त्या जन्मस्थानी मंदिर उभे आहे. वतने कायद्याने संपली, परंतु वतनदाराच्या घराची जागा देवस्थान होऊन राहिली.

सारांश, ग्रामदेवालयांचा अभ्यास करताना केवळ शिल्प व शिलालेख पाहून भागणार नाही. उत्सवाचा मान कोणाचा, देवाची जमीन कोण कसतो आणि उंबऱ्याबाहेर कोण उभा राहिला, हे तीन प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक गावी विचारले पाहिजेत. देवळाची वास्तू पडली तरी ह्या प्रश्नांची उत्तरे गावाच्या स्मरणात दीर्घकाळ टिकतात. ती वेळीच टिपून ठेवणे अगत्याचे आहे.