दारे बंद करण्याचा सण

२०२४ साली ३ ऑक्टोबरला आपल्याकडे घट बसले, त्याच दिवशी ज्यू लोकांचे नवे वर्ष सुरू झाले. १२ तारखेला आपण दसऱ्याचे सोने लुटले, त्या दिवशी त्यांचा वर्षातला सर्वांत कडक उपास होता. आणि १६ तारखेला, कोजागिरीच्या संध्याकाळी, त्यांचा मांडवाचा सण लागला. दरवर्षी मेळ असा बसतोच असे नाही. २०२१ मध्ये त्यांचे नववर्ष पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी आले होते. पण त्यांचेही महिने चंद्राचे. एकोणीस वर्षांत सात वेळा तेही अधिक महिना धरतात. त्यामुळे हे सण आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या आसपासच फिरत राहतात.

यवतमाळात बसून ज्यूंच्या सणांविषयी कशाला बोलायचे, असे कुणी म्हणेल. तर त्याचे कारण मराठीच आहे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात शेकडो वर्षे राहिलेले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांची आडनावे ऐका: किहीमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा विसरली. उरले ते शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता, ‘शेमा’ ही एकच प्रार्थना आणि काही सण.

सण उरले, पण त्यांची नावे उरली नाहीत. मग घरातल्या माणसांनी मराठीत नवी नावे दिली. हाइम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो पुढे १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात ही नावे सापडतात. रोश हशाना, म्हणजे वर्षारंभ, हा ‘नव्याचा सण’. त्यानंतर तीनच दिवसांनी ‘खिरीचा सण’. नव्या धान्याची खीर नारळाच्या दुधात करायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायची. मांडवाच्या सणाची आठवण पुसली गेली होती. सुगीचा आनंद बहुधा या खिरीत उतरला असावा. गव्हाच्या चिकाचा हलवा त्यांच्या नववर्षाला आजही होतो. आपण कुरडयांसाठी काढतो तोच चीक, फक्त दूध नारळाचे.

पण माझे मन अडकते ते दहाव्या दिवसाच्या नावात. जगभरचे ज्यू त्या दिवसाला योम किप्पूर म्हणतात, प्रायश्चित्ताचा दिवस. कोकणात त्याचे नाव होते ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे बंद करण्याचा सण. आंघोळ करून, पांढरे कपडे घालून माणसे घरात बसत. दार लावून घेत. अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणे नाही. वर्षभर शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून राहिलेली ही माणसे एक दिवस पूर्णपणे आपल्या आत जात.

आता गंमत पाहा. योम किप्पूरची शेवटची प्रार्थना सूर्य मावळताना होते. तिचे हिब्रू नाव ‘नेइला’, म्हणजे दरवाजे लावणे. स्वर्गाची दारे आता मिटत आहेत, त्याआधी देवापाशी पोहोचा, असा तिचा भाव. कोकणातल्या तेल्याला हा शब्द ठाऊक नव्हता. तरीही त्याने दिवसाला नाव दिले ते दाराचेच! याला योगायोग म्हणता येईल. मला तसे म्हणवत नाही. भाषा विसरली तरी कृती हाताला आठवत असते, आणि कृतीपाठोपाठ थोडा अर्थही टिकतो. इतके मात्र खरे, की धर्मग्रंथात मिटणारे दार देवाचे आहे, कोकणात माणसाचे.

पुढे ग्रंथ परत आले. कोचीनचे ज्यू शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. त्याचा हेतू धर्मांतराचा. बेने इस्राएल हिब्रू शिकले आणि बहुतेक ज्यूच राहिले. कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला पहिले प्रार्थनामंदिर बांधले होते. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. तिथे शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकले जाऊ लागले. मांडवाचा सणही परतला. पाल्याचे छप्पर इतके विरळ हवे, की रात्री तारे दिसावेत. जागलीला बांधलेल्या खोपटात जो निजला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. पक्क्या भिंतींचा भरवसा आठवडाभर सोडायचा, आपले पूर्वज चाळीस वर्षे रानात असेच राहिले हे आठवायचे. हातात खजुरीचा झाप आणि महाळुंग घ्यायचे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते तेच हे फळ.

या नव्या शिकवणीत आणखी एक गोष्ट आली. देवाचा अपराध केला असेल तर त्या दिवशीच्या उपासाने देव क्षमा करतो. माणसाचा केला असेल, तर आधी त्या माणसाच्या दारी जाऊन क्षमा मागावी लागते. तोवर उपास फुकट.

ग्रंथ परत आला हे चांगलेच झाले. पण नव्याचा सण, खिरीचा सण ही नावे मागे पडली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. भारतात आता काही हजार माणसे उरली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी लोकांना ती मराठी बोलतात हे पहिल्यांदा कळले.

केहिमकरांनी दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाचेही नाव लिहून ठेवले आहे: ‘शिळा सण’. घरी आलेले पितर त्या दिवशी परत जातात, अशी समजूत होती. दारे उघडत. माणसे गोरगरिबांना दान देत आणि एकमेकांच्या घरी भेटायला जात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)