अ‍ॅडजस्टचं गोत्र

बंगळूरला नव्यानं राहायला आलेला माणूस कन्नडचं एक वाक्य न शिकवताच शिकतो: ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि.’ तीन शब्द आणि तीन कुळं. ‘स्वल्प’ संस्कृत, आपण मराठीत तो स्वल्पविरामापुरता ठेवला, कन्नडनं मात्र दिवसातून शंभरदा तोंडी येणारा ‘थोडं’ म्हणून वापरला. ‘माडि’ अस्सल द्राविडी, म्हणजे ‘करा’. मधला पाहुणा इंग्रजी. त्याची वंशावळ धुंडाळताना एक गोष्ट हाती लागली आणि तिनं माझा पिच्छा सोडला नाही. बंगळूरच्या बसमध्ये ह्या क्रियापदाचा जो अर्थ आहे, तो त्याच्या शाळेत शिकवलेल्या अर्थाहून जुना आहे.

शाळेतल्या अर्थानं अ‍ॅडजस्ट करायचं ते घड्याळ, आरसा, कॉलर, हिशेब. वस्तू जाग्यावर नीट बसवायची. बंगळूरच्या बसमध्ये मात्र दोघांच्या सीटवर तिसरा टेकू पाहतो आणि हे वाक्य म्हणतो, तेव्हा अर्थ एवढाच असतो की जरा जवळजवळ बसा. दर्शिनीत, म्हणजे तिथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, उंच गोल टेबलाशी एकजण इडली-वडा खात असतो. दुसरा डोशाची थाळी घेऊन येतो, तोंडातून ‘स्वल्प’ एवढंच निघतं, आणि पहिला आपला कॉफीचा ग्लास बोटानं चार इंच आत ओढून घेतो. एक कॉफी दोघांत ‘बाय-टू’ करून पिणाऱ्या गावाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता लॅटिनकडे वळू. तिथे ‘युक्स्ता’ म्हणजे लगत, शेजारी. त्याला ‘अद्’ हा उपसर्ग लागून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘अद्युक्स्तारे’ झालं: जवळ आणणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘अजोस्ते’ झालं, अर्थ जोडणं, एकत्र आणणं. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचाच वंशज ‘अझुते’ म्हणजे भर घालणं. पण लॅटिनमध्ये ‘युस्तुस’ असाही एक शब्द होता, म्हणजे न्याय्य, यथायोग्य. दोन्ही कानाला सारखे. लिहिणाऱ्यांना वाटलं, नीटनेटकं करण्याचा हा शब्द ‘युस्तुस’वरूनच आला असणार. त्यांनी त्याचं रूप आणि अर्थ दोन्ही तिकडे ओढले, आणि ह्या नव्या वळणानंच तो इंग्रजीत रुजला, असं एक पक्ष सांगतो.

दुसऱ्या पक्षाला हे मान्य नाही. त्याच्या मते फ्रेंचमध्ये मुळातच दोन क्रियापदं होती: ‘युक्स्ता’वरून आलेलं ‘जोडणं’ निराळं आणि ‘युस्तुस’वरून स्वतंत्रपणे घडलेलं ‘बरोबर बसवणं’ निराळं. अ‍ॅडजस्ट ह्या दुसऱ्याचं अपत्य. हा पक्ष दुबळा नाही, कारण आजच्या फ्रेंचमध्ये ‘अझुते’ आणि ‘अझ्युस्ते’ असे दोन शब्द खरोखरच शेजारी शेजारी नांदतात.

तरीही माझा कौल पहिल्या पक्षाला. जुन्या लिखाणात हे दोन शब्द एकमेकांत इतके मिसळतात की पोरं वाटून देणं अवघड व्हावं, आणि अशा वेळी सोयरीक आधी, वाटणी नंतर, हेच मला पटतं. शिवाय ह्या घराण्याचा इंग्रजीतला दुसरा वंशजही पाहा. ‘युक्स्ता’पासूनच ‘जाउस्ट’ आला: घोड्यावरून समोरासमोर येऊन भाल्यानं भिडणं. त्या जाउस्टपासून ‘जॉसल’ आला, म्हणजे धक्काबुक्की करणं. जवळ येण्याच्या एकाच मुळातून एकीकडे अ‍ॅडजस्ट आणि दुसरीकडे जॉसल! संध्याकाळी सहाच्या सुमाराला बंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्टँडवर उभं राहिलं की ही दोन्ही भावंडं एकाच दारातून बसमध्ये चढताना दिसतात.

वंशावळ आणखी मागे नेली तर आपलं घर लागतं. ‘युक्स्ता’चं मूळ जोडणं ह्या अर्थाच्या प्राचीन धातूत, आणि संस्कृतातला ‘युज्’ त्याचाच. त्यातून योग, युगुल, आणि ‘युग’वरून मराठीत आलेलं बैलांच्या मानेवरचं जू. म्हणजे अ‍ॅडजस्ट आणि जू लांबचे भाऊबंद. ‘शेजारी’ ह्या कल्पनेचा पाया एका जुवाखालची जोडी आहे.

हा शब्द बंगळूरच्या बसपर्यंत पोचला कसा? साहेबाच्या छावणीतून आला, हे सरळ उत्तर. ती छावणी १८०९ची. पण छावणीतले शब्द छावणीतच राहतात. माझा तर्क कारखान्यांचा आहे. एचएएल १९४० साली आली, मग आयटीआय, एचएमटी, बीईएल. लेथवर, मापावर, स्क्रूवर दिवसभर अ‍ॅडजस्ट करणारे हात संध्याकाळी त्याच शब्दासह बसमध्ये बसले. ह्यावर कोणी म्हणेल की तमिळ माणूसही ‘कोंजम अ‍ॅडजस्ट पण्णुंग’ म्हणतो आणि मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागतानाही हाच शब्द येतो. खरं आहे. पण त्या गावांनी हे वाक्य आपली ओळख केलं नाही, बंगळूरनं केलं.

प्रतिशब्द नव्हते म्हणून पाहुणा आला, असं मुळीच नाही. कन्नडमध्ये ‘जरुगि’ आहे, आपल्याकडे ‘सरका’. पण दोन्ही थेट अंगाला सांगतात, हुकमासारखे वाटतात. मनाला सांगायला कन्नडचं ‘होंदिकोळ्ळि’, आपलं ‘जुळवून घ्या’. जमवून घेणं, सांभाळून घेणं, भागवणं, चालवून घेणं, निभावून नेणं ही सगळी मराठी मंडळी मनाच्या बाजूची. अंग आणि मन दोघांनाही एकदम विनवणारं क्रियापद अ‍ॅडजस्टच. बंगळूरकर पुष्कळदा ‘अ‍ॅडजस्ट माड्कोळ्ळि’ म्हणतो. त्यातलं ‘कोळ्ळु’ म्हणजे घेणं, आणि आपणही अगदी ह्याच घडणीनं ‘अ‍ॅडजस्ट करून घ्या’ म्हणतो. शहाजीराजांच्या जहागिरीपासून त्या शहरात मराठी नांदते आहे. तिथल्या बसमध्ये तिकिटं फाडणारा शिवाजीराव गायकवाड पुढे रजनीकांत झाला. तिथल्या मराठी घरांना हे वाक्य एका भाषेतून दुसरीत नेताना साचाच बदलावा लागत नाही.

हरलेल्या ‘युस्तुस’ला मात्र मी घराबाहेर काढणार नाही. जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर तो तोटा सगळ्या मालकांनी आपापल्या हिश्शानं सोसायचा, हा दर्यावर्दी व्यापाराचा जुना नियम. ती वाटणी ठरवणाऱ्या तज्ज्ञाला आजही ‘अ‍ॅव्हरेज अ‍ॅडजस्टर’ म्हणतात. न्याय तिथे शब्दाच्या आतच आहे. आपल्या घरांत मात्र ‘तू अ‍ॅडजस्ट कर’ हे एकट्या सुनेला सांगितलं जातं, आणि तिथे शब्दाची दोन्ही मुळं तुटतात: जवळ कोणी येत नाही आणि तोटा एकटीच्या वाट्याला जातो. बाकावर तिघं बसलेत आणि चौथा आला, तर एकट्या कडेच्यानं सरकून भागत नाही; तो खाली पडेल. तिघांनाही सरकावं लागतं. ‘माडि’ हे रूप आपल्या ‘करा’सारखंच आदराचं आहे आणि अनेकवचनाचंही. बंगळूरच्या वाक्यात ते उगाच आलेलं नाही.