कायदा सांगणारा माणूस

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतो. आम्हा वकिलांना पाठांतराची गरज नाही. पुस्तक उघडायचं, कलमावर बोट ठेवायचं. जुन्या आइसलँडात मात्र कायद्याचं पुस्तक म्हणजे एक जिवंत माणूस होता. त्याचा हुद्दा लोगसोगुमादुर.

'लोग' म्हणजे कायदा, मुळात 'घालून दिलेलं'. नॉर्स लोकांबरोबर तो शब्द इंग्लंडात गेला आणि इंग्रजीत 'लॉ' झाला; पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्याच्या पाटीवर आहे तोच. 'सागा' म्हणजे सांगणं, आणि 'मादुर' म्हणजे माणूस.

सांगणं अगदी शब्दशः. 930च्या सुमारास थिंगवेल्लिरला अल्थिंगी ही साऱ्या बेटाची सभा भरू लागली, तेव्हा तिथे ना राजा होता ना लेखी कायदा. लोगसोगुमादुर दर उन्हाळ्यात लोगबर्गच्या खडकावरून एक तृतीयांश कायदा म्हणून दाखवी. तीन वर्षांच्या मुदतीत सगळा. सभेच्या कामकाजाचे नियम तेवढे दरसाल. एखादं प्रकरण नीट आठवेना, तर आदल्या दिवशी निदान पाच जाणकारांना विचारून घ्यायची सोय होती. मेहनताना लोकरी कापडात: दोन शेकडे हात, आणि त्यांचा शेकडा 120चा! वर दंडातला वाटा.

मला सगळ्यांत पटलेला नियम असा: नवा केलेला कायदा दर तिसऱ्या उन्हाळ्यात म्हटला गेला नाही, तर तो बाद. हे आपल्याकडे असतं तर माझं निम्मं कपाट रद्दीत गेलं असतं.

1000च्या सुमारास ख्रिस्ती व्हायचं की नाही यावरून सभा फुटायला आली. निवाडा थोरगेइर या लोगसोगुमादुरवर सोपवला. तो स्वतः जुन्या देवांचा. एक दिवस-रात्र पांघरूण घेऊन पडून राहिला आणि उठून म्हणाला, कायदा सगळ्यांना एकच हवा, बाप्तिस्मा घ्या. घोड्याचं मांस खायची मुभा मात्र त्याने राखली. तडजोड म्हणावी तर अशी.

1117-18च्या हिवाळ्यात हाफ्लिदी मासोन याच्या शेतघरी कायदा लिहून काढायला सुरुवात झाली आणि पाठांतराचा भाव उतरला. सागाकार स्नोरी स्तुर्लुसोन या पदावर दोनदा बसला, तोवर कायद्याच्या पोथ्या फिरू लागल्या होत्या. 1262-64मध्ये नॉर्वेच्या राजाचा अंमल आला, पाठोपाठ नवी संहिता आली आणि हे पद गेलं. त्याच्या जागी आला नुसता 'लोगमादुर'. आजच्या आइसलँडात लोगमादुर म्हणजे वकील.