खानदेशी स्त्रीगीतांतील रचनाबंध व क्षमाभाव

खानदेशातील स्त्रियांनी मौखिक परंपरेने जतन केलेल्या गीतांत जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, आखाजीची झोक्यावरची गाणी व कानबाईची गाणी यांचा प्रामुख्याने समावेश होतो. सासर व माहेर ही या गीतांची दोन टोके असून त्यांच्यामधील रुसवा, बोलावणे, मनधरणी व परत जाणे हे त्यांचे नित्याचे विषय आहेत. ‘क्षमा’ हा शब्द त्यांत सहसा येत नाही. कोणी कोणाला क्षमा करावी, हे ही गीते उपदेशाने सांगत नाहीत. कडव्यांचा क्रम, पुनरावृत्ती, प्रश्नोत्तरे व शेवटच्या कडव्यातील पालट यांतून तो आशय उभा राहतो. त्यामुळे या गीतांचा अर्थ त्यांच्या रचनेपासून वेगळा काढता येत नाही.

खानदेश हा एकच जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेला. आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे त्यांतून आकारास आले. त्यांपैकी नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये निर्माण झाला. या प्रदेशाच्या पश्चिम भागात अहिराणी, तर पूर्व भागात तावडी व लेवा गणबोली या बोली प्रचलित आहेत. जामनेर तालुक्यातील पहूर हे पूर्व भागातील एक नाक्याचे गाव होय. पहूर पेठ व पहूर कसबे अशा दोन वस्त्यांचे हे गाव वाघूर नदीच्या काठी, जळगाव–छत्रपती संभाजीनगर मार्गावर वसले असून तेथून जामनेरकडे रस्ता फुटतो. दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर व त्यांपलीकडे मराठवाडा, तर पूर्वेस विदर्भ जवळ, अशा या पट्ट्यात खानदेशी व वऱ्हाडी लोकाचारांचे सहज मिश्रण झालेले आहे. खानदेश व विदर्भ या दोन्ही प्रदेशांना समान असलेला भुलाबाईचा उत्सव हे त्याचे ठळक उदाहरण होय.

भुलाबाईची गाणी : भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विनातील कोजागरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर मुली भुलाबाई व भुलोजी यांच्या मूर्ती मांडतात, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून आणलेली खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. भुलाबाई म्हणजे पार्वती व भुलोजी म्हणजे शंकर, अशी समजूत आहे. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा यांच्याशी या उत्सवाचे जवळचे नाते असून अनेक गाणी दोहोंकडे थोड्याफार पाठभेदांनी म्हटली जातात. गाणाऱ्या मुली बहुधा अविवाहित असतात. गीतांतील नायिका मात्र सासुरवाशीण असते. पुढे आपल्या वाट्यास येणाऱ्या घराची नातीगोती, मानपान व कुरबुरी यांची ओळख मुलींना अशा रीतीने खेळातून होत असे.

या गाण्यांतील दोन गीतप्रकार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. दोहोंची रचना साखळीची आहे. एक कडवे ठरलेल्या शब्दांत पुन्हापुन्हा येते व प्रत्येक वेळी त्यातील एकच नाते बदलते. पहिल्या प्रकारात सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू तिला कारल्याचे बी पेरण्यास सांगते. बी पेरून होते, तेव्हा कोंब यावयाचा असतो. कोंब येतो, तेव्हा फूल यावयाचे असते. फुलानंतर फळ व फळानंतर भाजी, असे सबबींचे टप्पे वाढत जातात. कारल्याच्या वेलाला फळ धरण्यास सुमारे दोन महिने लागतात, हे शेतकरी घरातील मुलींना सांगावे लागत नाही. सबबी संपल्यावर सून एकेका नातेवाइकाकडे पाठविली जाते; प्रत्येक जण तिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो. गीत लांबते ते कथानक वाढते म्हणून नव्हे, तर नकार वाढतो म्हणून. ऐकणाराही सुनेबरोबर ताटकळत राहतो.

दुसऱ्या प्रकारात दिशा नेमकी उलट आहे. रुसून माहेरी आलेल्या सुनेला नेण्यासाठी सासरची माणसे एकेक करून येतात. दाराशी कोण आले, त्याने काय आणले, अशी विचारणा होते. सासरा, सासू, दीर, नणंद यांपैकी प्रत्येक जण एखादा दागिना किंवा वस्त्र आणतो आणि प्रत्येकाला तेच उत्तर मिळते. भेट नाकारली जाते, दारे लावली जातात, कुत्रे सोडले जाते. शेवटी नवरा येतो आणि त्या एकाच कडव्यात सर्व क्रिया उलटतात : दारे उघडतात, कुत्रे बांधले जाते व सून सासरी निघते.

ही दोन गीते शेजारी ठेवली म्हणजे साखळी-रचनेचे कार्य स्पष्ट होते. पहिल्या गीतात मागणारी सून असते व देणारे घर. दुसऱ्यात मागणारे घर असते व देणारी सून. ज्या माणसांच्या दारोदार ती हिंडली, तीच माणसे आता तिच्या दारी उभी राहतात. नाही म्हणण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याच्या होकाराला क्षमेचे मोल येत नाही. आणि प्रत्यक्ष संसारात सुनेला हा अधिकार क्वचितच मिळत असे. गीताचा साचा तो अधिकार तिला देतो आणि जितकी नाती तितक्या वेळा देतो. एकाच नकारावर गीत संपले असते, तर तो केवळ राग ठरला असता. चार-पाच नकारांनंतर आलेला होकार हा विचारपूर्वक दिलेला होकार वाटतो. पुनरावृत्तीमुळे कंटाळा न येता ताण वाढत जातो, तो याच कारणाने.

या रचनेची मर्यादाही रचनेतच आहे. साखळीचे शेवटचे नाते आधीच ठरलेले असते आणि गाणाऱ्या प्रत्येक मुलीला ते ठाऊक असते. सून कोणाबरोबर परत जाईल याची निवड असते. जाईल की नाही याची नसते. शिवाय शेवटच्या दुव्यातील पाठभेद अर्थ पूर्णपणे बदलून टाकतात. कारल्याच्या गीताच्या काही पाठांत नवरा वेणीफणी करून तिला माहेरी पाठवावयास सांगतो, तर काही पाठांत तो काठी उगारतो. बाकीची सर्व कडवी जवळजवळ तीच राहतात. पहिल्या पाठात आधीची सर्व टाळाटाळ थट्टेसारखी वाटू लागते. दुसऱ्यात ती छळाची पूर्वतयारी ठरते. शेवटचे एक कडवे मागील सर्व कडव्यांना अर्थ देते, हे या साच्याचे सामर्थ्य होय. कोणता पाठ कोणत्या गावात, कोणत्या घरात म्हटला जाई, हा प्रश्न म्हणूनच केवळ पाठचिकित्सेचा नसून सामाजिक इतिहासाचाही आहे.

ओवी : साखळी-गीताच्या विस्ताराच्या अगदी उलट ओवीचा संक्षेप आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरीने (१२९०) या छंदाला ग्रंथात प्रतिष्ठा दिली. ग्रंथातील ओवी सर्वसाधारणपणे साडेतीन चरणांची मानली जाते. पहिल्या तीन चरणांना यमक असते व चौथा चरण आखूड राहतो. जात्यावरची ओवी मात्र बहुधा दोन ओळींतच पुरी होते. दळणारी स्त्री मधूनच कोणाला तरी हाक मारते, जात्याच्या फेऱ्याबरोबर शब्द लांबविते किंवा परत घेते. आखूड शेवटामुळे ओवी पूर्ण होऊनही किंचित उघडी राहते व पुढच्या ओवीला वाट देते.

अशा दोन ओळींत तक्रारीला जागा थोडीच असते. बहीण-भावाच्या ओव्यांत याचा प्रत्यय येतो. पहिल्या ओळीत भावाने बोलावणे धाडले नाही किंवा भावजयीने तोंड फिरविले, असे दुःख असते. दुसऱ्या ओळीत त्याच भावाच्या घराला, शेताला किंवा लेकराबाळांना आशीर्वाद असतो. ‘तरीसुद्धा’ हा शब्द मध्ये नसतो. दोन ओळींमधील विराम त्याचे काम करतो आणि यमकाने दोन्ही ओळी बांधल्या गेल्यामुळे दुःख व आशीर्वाद यांना वेगळे करता येत नाही. हिशेब चुकता झाल्यावर केलेली ही क्षमा नव्हे. हिशेब मांडता मांडताच केलेली आहे. यापाठीमागे जीवनाची निकडही होती. माहेरच्या मालमत्तेत परंपरेने वाटा नसलेल्या स्त्रीला भावाचे दार उघडे राहणे हाच मोठा आधार होता. आशीर्वादाच्या ओळीत म्हणून वात्सल्याबरोबरच एक सावध गरजही दिसते. महाराष्ट्रात १९९४ च्या कायदादुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हक्क मिळाला. ओव्यांचे जग त्यापूर्वीचे आहे.

जाते ही या रचनेची भौतिक चौकट होय. खानदेशात त्याला घरोट असेही म्हणतात. एका खुंट्याला दोघी हात लावीत. बहुधा त्या सासू-सून, जावा-जावा किंवा नणंद-भावजय असत. समोरासमोर बसून जे बोलता येत नसे, ते तिसऱ्याच कोणाला उद्देशून ओवीत म्हणता येई व समोरची स्त्री त्यावर आपली ओवी जोडी. भांडण झाले असले तरी दळण थांबत नसे. एकमेकींचा हात जुळल्याशिवाय जाते नीट फिरत नसे.

बहिणाबाई चौधरी : या दोन्ही परंपरांचा वारसा घेऊन स्वतंत्र कविता घडविली, ती बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी. त्यांचा जन्म जळगावजवळील आसोदे येथे महाजन कुटुंबात झाला व वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी विवाह झाला. तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. घरकाम व शेतकाम करताना रचलेली त्यांची गाणी त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी व आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर ती प्र. के. अत्रे यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ मध्ये बहिणाबाईंची गाणी हा संग्रह अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

आसोदे व जळगाव यांमधील अंतर अवघ्या काही किलोमीटरांचे आहे; तरीही माहेर हा बहिणाबाईंच्या कवितेचा मोठा विषय आहे. माहेरचे अंतर वाटेच्या लांबीवर नव्हे, तर परवानगीवर मोजले जाई, हे साखळी-गीतांनी दाखविलेच आहे. योगी व सासुरवाशीण यांच्या संवादाच्या कवितेत बहिणाबाईंनी प्रश्नोत्तरांचा जुना साचा घेतला आणि त्याचा शेवट बदलला. सासरी राहून सतत माहेराचे गुण गाणाऱ्या स्त्रीला योगी त्याचे कारण विचारतो. तो संसारत्यागी असल्याने त्याचा प्रश्न तर्काला धरून आहे : जे एवढे प्रिय, ते सोडलेच का? उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवलेले आहे. आपल्या लेकीला माहेर मिळावे, म्हणून आई सासरी नांदते, असा त्याचा आशय आहे.

या उत्तराने साखळी वर्तुळ होते. सासर व माहेर ही दोन वेगळी घरे राहत नाहीत. एकच घर एका पिढीला सासर व पुढच्या पिढीला माहेर असते. भुलाबाईच्या गीतात सुनेची समजूत नवरा काढतो. येथे ती कोणीही काढीत नाही, तिला स्वतःलाच अर्थ सापडतो. उत्तर आरंभीच आले असते, तर ते सोशिकपणाचा उपदेश झाले असते. योग्याच्या प्रश्नानंतर ते आल्यामुळे त्याला युक्तिवादाचे बळ मिळते आणि निरुत्तर होतो तो विरक्त पुरुष. मात्र या समजुतीची किंमत आईनेच मोजलेली असते, हेही कविता लपवीत नाही.

संकलन व मुद्रण : पिठाच्या गिरण्या गावोगावी पोहोचल्यावर जात्यावरचे दळण मागे पडले व ओवीचा नित्य प्रसंग नाहीसा झाला. अमळनेर येथे शिक्षक असलेले साने गुरुजी यांनी स्त्री जीवन या संग्रहात ओव्या एकत्र केल्या. सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने अनेक संकलने प्रसिद्ध केली. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या प्रकल्पात १९८० नंतरच्या काळात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.

मुद्रणाने ही गीते वाचविली, पण त्यांच्या रचनेवर एक परिणामही केला. साखळी-गीत छापताना जागा वाचविण्यासाठी पहिले व शेवटचे कडवे देऊन मधली कडवी ‘याप्रमाणे’ अशा शब्दाने सूचित केली जातात. माहिती म्हणून यात काही उणे राहत नाही. कविता म्हणून मात्र मोठे नुकसान होते. मधले नकार गळाले की होकार स्वस्त होतो. सून रुसली व नवऱ्याबरोबर गेली, एवढेच उरते. सासरा, सासू, दीर व नणंद यांना एकेक करून दारी थांबावे लागले, हा त्या गीतातील न्याय होता. खानदेशी स्त्रीगीतांचे संपादन व अध्यापन करताना ही पुनरावृत्त कडवी पूर्णपणे राखणे आणि शक्य तेथे ती म्हणून दाखविणे आवश्यक ठरते, ते याचसाठी.